पडद्याला शोभेल असं वाळवंट

हलूनका त्या वाळवंटी देशात गेलेच नव्हते. बायकोला घेऊन आठवडाभर स्टुडिओचं शटर आतून ओढून बसले आणि आपल्याच पडद्यासमोर फोटो काढून बाहेर आले, ही बातमी पहिल्या मजल्यावर निघाली आणि चौथ्यावर पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. साफ खोटं! दोघं गेले होते. ज्या देशाचं नाव ऐकून ट्रॅव्हलवाल्यानेही काळजीने "तिथे कुणी नातेवाईक अडकलेत का?" असं विचारलं, त्या देशात हौसेने गेले होते. पण बातमीला बूड होतं, आणि ते बूड म्हणजे खुद्द हलूनका.

माणूस फोटोग्राफर. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं रे टेकलं की, "हनुवटी वर. हलू नका." म्हणून हे नाव. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला त्यांनी तरुणपणी स्वतः रंगवलेला पडदा: पिवळी वाळू, मोडके खांब, गुलाबी आभाळ आणि डावीकडे एक उंट, नीट पाहिलं तर गाढवाच्या घराण्यातला. गल्लीतल्या निम्म्या जोडप्यांचे संसार या पडक्या खांबांपुढे सुरू झाले. हलूनकांचाही. तेव्हा नव्या नवरीला ऐटीत म्हणाले होते, "एक दिवस हे खरं दाखवीन." पुढे ते विसरले. बाई विसरल्या नाहीत. शेवटी केस पिकल्यावर त्यांनी लग्नातली लाल शाल काढून बॅगेत ठेवली, तेव्हा हलूनकांना निघावंच लागलं.

टॅक्सीतून उतरले. समोर हजारो वर्षांपूर्वीचं शहर. माणसं गेली, छपरं गेली, दारांच्या चौकटी तेवढ्या कुणाची तरी वाट पाहत उभ्या. बाई शाल सावरत पुढे निघाल्या. हलूनकांनी एक डोळा मिटला आणि म्हणाले, "खांब जरा जास्तच आहेत."

"अहो, मग काय पाडायला सांगू?"

"आणि आभाळ पांढरं. हे चालायचं नाही."

झालं. आभाळ गुलाबी होईपर्यंत बाई लाल शाल पांघरून एका दगडावर तापत बसल्या. पडद्यात तिकिटाची खिडकी नाही, म्हणून तिच्याकडे पाठ. पडद्यात बस नाही, म्हणून बस जाईपर्यंत थांबणं. पडद्यात पहारेकरी नाही, म्हणून त्या बिचाऱ्याला खुणा करकरून एका कमानीआड उभं केलं. बाई म्हणाल्या, "तिकडची ती मोठी दारं तरी बघून येऊ." उत्तर आलं, "हलू नका." उंटवाल्याला गाठून उंट डावीकडे आणवला. उंट उजवीकडे जायचा. त्याला कुठे माहीत, त्याची जागा कधीच ठरलेली!

परत आल्यावर हलूनकांनी तिथले फोटो मोठे छापून शेजाऱ्यांना घरी बोलावलं. पहिल्या खुर्चीत बाईंचा भाऊ. विमा एजंट, मेलेला माणूस समोर आला तरी मेल्याचा दाखला मागणारा. त्याने एकेक फोटो उजेडाला धरला.

"भाऊजी, वाळू ओळखीची वाटते."

"वाळवंट आहे ते!"

"खांबही ओळखीचे. आणि ताई, तुझ्या लग्नाच्या फोटोतही हीच शाल, हीच हनुवटी. उंट तेवढा नवीन घातलात. तो मात्र खोटा वाटतो हं."

सगळी खोली खो खो हसली. बाई म्हणाल्या, "अरे, अजून आमच्या बुटांतून वाळू पडतेय!"

"पलीकडे बांधकाम चालू आहे, ताई. माझ्याही पडते."

"पासपोर्टवरचा शिक्का दाखवा की," कुणीतरी दयेने सुचवलं. हलूनका लालबुंद झाले. "फोटोग्राफरने फोटो सोडून शिक्का दाखवायचा? आचारी काय जेवणाऐवजी बिल वाढतो?" झालं, शिक्का राहिला कपाटात. दुसऱ्या दिवशी एक जोडपं स्टुडिओत येऊन डोळे मिचकावत म्हणालं, "आम्हालाही परदेशात बसवा. व्हिसा लागतो का?"

हलूनका आपले स्टुडिओत "हनुवटी वर" करत बसले. पण बाईंना ते कसं परवडावं? जन्मभर वाट पाहिलेला प्रवास, आणि जिन्यात प्रत्येकजण विचारतोय, "काय, शटरमागे गरम झालं का हो?" भाऊ पुन्हा चहाला आला, तसा त्यांनी आपला फोन त्याच्यापुढे आपटला.

"अहो, तो फोटो पुसायला सांगितला होता ना!" हलूनका ओरडले.

"तुमच्या फोटोंनी माझा प्रवास बुडवला. आता माझाच फोटो तो वर काढेल."

फोटो वाकडा. एका कोपऱ्यात बाईंचा अंगठा. मागे तिकिटाची खिडकी, बस, कमानीआडून डोकावणारा पहारेकरी. आणि मधोमध, एका पायात बूट नसलेले, टोपी उडालेले हलूनका उंटापुढे हात जोडून उभे.

"उंटाला काय म्हणत होते गं?"

"दुसरं काय म्हणणार? 'हलू नका.' उंटालासुद्धा अहो-जाहो!"

भाऊ हसून हसून खुर्चीवरून घसरला. मग डोळे पुसत त्याने कान धरले. "चुकलो, भाऊजी. गेला होतात. हे पडद्यासमोर कुणाच्या बापाला जमणार नाही! मोठा करून स्टुडिओच्या दारावर लावा, सगळ्यांची तोंडं बंद."

हलूनकांनी चष्मा चढवला. त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. फोन बायकोच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पटलं ना आता? मग पुसा तो. असला फोटो माझ्या घरातला म्हणून फिरण्यापेक्षा, आम्ही गेलोच नव्हतो असं सांगा."