व्यंकटचं अभिनंदन

व्यंकट गेल्याचं त्याच्या थोरल्या भावानं फोनवर सांगितलं. लातूरच्या डाळमिलमध्ये पोतं उचलताना छातीत कळ आली, तिथंच खाली बसला, तो उठलाच नाही... वय बत्तीस. "एखादा चांगला फोटो हाय का रं? हार घालायला," भावानं विचारलं. माझ्याकडे होता. मी नाही म्हणालो.

जळकोटला शाळेपासून आम्ही एका बाकावरचे. मला कबड्डी जमली नाही, त्याला दुसरं काही जमलं नाही. तो चढाईला निघाला की समोरच्यांचे पाय आपोआप मागे सरकायचे. एका व्यावसायिक संघानं त्याला दोन वर्षांच्या करारावर घेतलं, तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त मिरवलो. या मिरवण्यानंच पुढे त्याचा घात केला, हे आधीच सांगून टाकतो.

करार सुरू असताना दुसऱ्या संघाचा माणूस त्याला गाठायला आला, तो माझ्यामार्फत. करारातल्या खेळाडूशी त्याच्या संघाला न विचारता असं बोलायला बंदी असते. त्या माणसाला हे चांगलं माहीत होतं. मलाही होतं. नांदेडच्या एका हॉटेलात चहा झाला. व्यंकट नुसता ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "इचार करतो म्हणलं. हाव म्हणलो न्हाई, माध्या. आदी आमच्या कोचला सांगावं लागंल."

मला कुठला धीर! चौथ्या दिवशी मी चौकात फ्लेक्स लावला. नव्या संघाचं नाव, व्यंकटचा हसरा फोटो, 'निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन'. आमच्याकडे कुणी पोलिसात लागलं, ग्रामपंचायतीत निवडून आलं, की फ्लेक्स लागतोच. कुणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर फिरवला आणि संध्याकाळपर्यंत तो व्यंकटच्या संघाकडे पोचला. संघानं करार मोडला. नवा संघ म्हणाला, आम्ही या मुलाला ओळखतही नाही. चहा पाजणाऱ्यानं माझा फोन उचलणं बंद केलं. पुढे व्यंकटला कुणीच घेतलं नाही.

वाटलं, मारील मला. मारायलाच हवं होतं. त्यानं स्वतः शिडीवर चढून फ्लेक्स उतरवला, नीट घडी घातली आणि "फोटो मातर झकास निघालाय," एवढंच म्हणाला. नंतरही माझ्याकडे जेवायला येत राहिला. कबड्डीचं नाव त्यानं काढलं नाही. माफी मागायचं मीही आज-उद्या करत राहिलो...

परवा त्याच्या घरी गेलो. त्याची आई, जिला मी मावशी म्हणतो, गोठ्यात म्हशीपाशी बसली होती. म्हणाली, "ये बाबा, हितंच बस. हितं त्यो दिसतो." वर पाहिलं. पत्र्याखाली गळती अडवायला व्यंकटनंच तो फ्लेक्स ताणून बांधला होता, छापील बाजू खाली करून. ऊन न लागल्यानं रंग जसेच्या तसे. तो हसत होता. खाली कोपऱ्यात 'शुभेच्छुक' आणि माझा गॉगल लावलेला फोटो. मावशीला वाचता येत नाही.

"तुज्यामुळं त्याचा येक चांगला फोटू तरी ऱ्हायला," ती म्हणाली.