साहेबांच्या बुडाखालचा पेपर

आमच्या गावच्या ग्रंथपाल सुमनताईंवर गेल्या मंगळवारी दुपारी साडेतीनला, आम्हा सगळ्यांच्या देखत अन्याय झाला. ग्रंथालयाच्या तपासणीला साहेब आले होते. खुर्चीवर धूळ दिसली म्हणून सरपंचांनी टेबलावरचा त्या दिवसाचा पेपर उचलून तिच्यावर अंथरला. साहेब त्यावर बसले, चहा प्याले आणि शेरा लिहू लागले : आजचे वृत्तपत्र वाचकांसाठी उपलब्ध नाही.

"साहेब, पेपर आलाय," सुमनताई म्हणाल्या.

"मग दाखवा की."

ताईंनी नुसतं खुर्चीकडे पाहिलं. सरपंच हसले. "आता साहेबांना उठवता का काय, ताई?"

कुणी उठवलं नाही. मीही नाही. त्या एका शेऱ्यावर आता यंदाचं अनुदान अडेल आणि ग्रंथालयाला कुलूप लागेल.

पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण लगेच हात कपाळाला लावतो. छापलेलं अक्षर साहेबांच्या बुडाखाली मात्र स्वतःच्या हातानं सारतो, वर त्याला पाहुणचार म्हणतो. अशा गावाला ग्रंथालय हवंय तरी कशाला, असं मला त्या दुपारी वाटलं. पण ते सुमनताईंना हवंय.

तुमच्या गावातही तपासणी होईल. त्या दिवशी तिथं हजर राहा, आणि साहेबांना उठायला सांगा.