ब्लोअरवरचं कुंकू

आमच्या घरात मी भित्रा म्हणून प्रसिद्ध आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येतो. आणि नोकरी काय, तर अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यांत फिरून यंत्रांची थरथर मोजायची.

त्या दिवशी एका केमिकल कारखान्यातला मोठा ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा अजस्र पंखा, मोजायचा होता. त्यावर ड्युटीला माझा धाकटा भाऊच. त्याचं स्टूल यंत्राला जवळपास टेकलेलं. मी बेअरिंगवर सेन्सर चिकटवला, लॅपटॉप उघडला. कोणत्या कंपनात किती जोर आहे ते आलेखावर उमटतं. नोंदीच्या एका तुकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो. बरेच तुकडे घेऊन सरासरी काढली की योगायोगाने वर आलेलं सगळं खाली बसतं.

एक पसरट फुगवटा मात्र बसेना.

"बंद कर हा," मी म्हणालो.

"दादा, बॅच चालू आहे. तू तर घरचा मिक्सरपण बंद करायला लावतोस."

तेवढ्यात मला सेन्सरखालचं हळदकुंकू दिसलं. दसऱ्याला यंत्राची पूजा नेमकी बेअरिंगवर होते, आणि ते पुसायला कोणी धजत नाही. तेलात मुरून त्याची जाड खपली झाली होती. सेन्सरचं चुंबक तिच्यावर डुगडुगत असणार, फुगवटा त्याचाच असणार. मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क हसलो.

"पुसू नकोस रे, पूजेचं आहे," भाऊ म्हणाला.

मी मनातल्या मनात हात जोडले आणि खपली खरवडली. पुन्हा सेन्सर, पुन्हा सरासरी. फुगवटा गेला. त्याच्या जागी सुईसारखं टोक उभं राहिलं, बेअरिंगच्या कड्याला तडा गेला की जिथे येतं, बरोबर तिथे. इतका वेळ ते त्या फुगवट्यात बुडालेलं होतं.

माझा चेहरा बघून भाऊ स्टुलावरून उठला. त्याने लाल बटण दाबलं.

पण एवढं मोठं धूड लगेच थांबत नाही. वेग उतरताना मधेच एक टप्पा असा येतो की अख्खा सांगाडा हलतो. तडा गेलेलं बेअरिंग तेवढं सोसेल का, हे कुठलाही आलेख सांगत नाही. माझे पाय मला न विचारता दाराशी पोचले. भाऊ मात्र हवेची झडप बंद करत तिथेच उभा.

मी परत आलो आणि मागून त्याचा शर्ट मुठीत धरला. सांगाडा हलायला लागला. पायाखालची जाळी वाजली. मी डोळे मिटले.

"दादा, शर्ट सोड. फाटेल."

ब्लोअरचा आवाज पार थांबेपर्यंत मी सोडला नाही.