उमादेवीनं मशीन उघडू दिली

मानवतला जिनिंगच्या मागच्या गल्लीत तीस वर्षांत जन्मलेलं एकबी लेकरू असं न्हाई, ज्याच्या अंगाला पहिलं कापड उमादेवीच्या हातचं लागलं न्हाई. झबल्यावाली उमादेवी म्हणतात तिला. तिचा नियम एकच, नवं कापड आणायचं न्हाई. घरातलं धुवून धुवून मऊ पडलेलं धोतर न्हाईतर लुगडं आणा, मगच ती मशीनला दोरा लावणार. शिलाई बाहेरच्या अंगाला ठेवणार, लेकराला टोचू नये म्हणून. लोक आजोबाचं धोतर घेऊन येतात आणि बाई ते असं दोन्ही हातांत घेती की जसं लेकरूच घेतलंय!

आता तिच्याच लेकीला, पूर्णेला दिलेल्या शिवकन्याला, दुसऱ्या खेपेला पोरगी झाली. बाळंतपण सासरीच झालं. उद्या बारसं, म्हणजे माहेरचं झबलं उमादेवीनंच न्यायचं. तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं नवऱ्याचं धोतर काढलं. नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली, आणि बाकीची धोतरं दुसऱ्यांच्या लेकरांना वाटून झालेली. हे शेवटचं. जागोजाग विरलेलं. उजेडाला धरधरून बघितलं तरी दोनच झबल्यांचं कापड धड निघालं.

त्यातलं एक मशीननं खाल्लं.

खटखट चाललेली मशीन एकदम खट्याक करून अडकली. खालून दोऱ्याचा ह्यो एवढा पुंजका, कापड भोकात ओढलेलं, वरून काळा तेलकट डाग. उमादेवीनं हळूच ओढलं, तरी टर्रकन फाटलं. तिनं फाटका तुकडा बाजूला ठेवला. मग वाकली, गाल फुगवले आणि मशीनच्या पोटात जोरात फुंकर मारली.

"आत्याबाई, फुंकू नका!" सून रुद्राणी चुलीपासून तशीच पळत आली. हाताला पीठ.

रुद्राणीनं परभणीला एक वर्ष शिवणाचा कोर्स केलेला. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण ह्या मशीनला तिनं बोट लावलेलं न्हाई. लावूच दिलं न्हाई. उमादेवीचं एकच म्हणणं, ह्यांनी आणलेली मशीन हाय, तिला माझाच हात कळतो.

"तोंडाच्या वाफेनं गंज चढतो," रुद्राणी म्हणाली. "आन् घाण बाहेर येत न्हाई, अजून आत जाती."

"तीस वर्षं फुंकायलेय मी. तवा तू जन्मली बी नव्हतीस."

"तीस वर्षं फुंकलं म्हणून तर आत गादी भरली आसंल."

उमादेवीला असा राग आला! पण मांडीवर ते उरलेलं कापड होतं. तिनं त्याच्यावरून हात फिरवला. "हे एवढंच राह्यलंय बाई. हे बी खाल्लं तर उद्या काय घिऊन जाऊ?"

"मग अर्धा तास मला द्या. आधी साफ करू."

"इस्क्रू हरवला तर?"

"तर माझं मंगळसूत्र मोडून नवी मशीन आणा."

"मंगळसूत्र कशाला मोडतीस? माझं पोरगं धडधाकट हाय अजून!" उमादेवी बोलली आणि स्वतःच हसली. मग स्टुलावरून उठली. बस्स, तीच परवानगी.

रुद्राणीनं हात धुतले, कोरडे केले, आणि पहिल्यांदा मशीनचा पट्टाच उतरवला. "सवयीनं पाय हलतो तुमचा. माझं बोट जाईल." उमादेवीनं खाली बघितलं, तर खरंच, उभ्या उभ्या तिचं एक पाऊल पायट्यावर ठेवलेलं! गपकन काढून घेतलं.

मग सुई काढली. बॉबिनची डबी काढली. सुईखालच्या पत्र्याचे दोन इस्क्रू काढून वाटीत ठेवले, आणि ती वाटी उमादेवीनं दोन्ही हातांनी अशी धरली की जसं तीर्थच हाय. पत्र्याखाली, कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांच्या मधी, धुळीचा आणि तंतूंचा दाबून बसलेला जाड थर. रुद्राणीनं चिमट्यानं उचलला तर अख्खा निघाला.

"अगं माय," उमादेवी म्हणाली, "गल्लीतले सगळे आजोबे हितंच बसलेत की!"

रुद्राणी दात घासायच्या जुन्या ब्रशनं बाकीची धूळ बाहेर ओढायला लागली.

"ह्यो माझ्या लेकाचा ब्रश हाय का?"

"टाकून दिलेला हाय. चांगला घेतला आसता तर तुमी मला घराबाहेर काढलं आसतं."

पण अजून खाली, बॉबिनची डबी बसती त्या शटलच्या खोबणीत, वेगळंच काहीतरी होतं. करडा, घट्ट चिखल. रुद्राणीनं बोटावर घेऊन चोळला. "आत्याबाई, हितं राख कुठून आली?"

उमादेवीचा हात आपसूक कपाळाकडं गेला. ती रोज सकाळी लिंगपूजा करती, कपाळाला विभूती लावती, आणि उरलेली विभूती तीन बोटांनी मशीनला ओढती. बरोबर सुईच्या वर. तीस वर्षं! विभूती वाळली की खाली झडणार, सुईच्या भोकातून आत जाणार, आणि वरून ही बाई धारच्या धार तेल सोडणार.

"माझीच हाय ती," उमादेवी हळूच म्हणाली. "लेकरासारखी जपली मी हिला. आन् मीच हिचा गळा दाबला व्हय गं?"

रुद्राणी हसली असती तर उमादेवीनं आयुष्यभर मनात ठेवलं असतं. ती हसली न्हाई. "कागदावर काढते. बेलाच्या बुडाशी ठेवू."

"तेलकट हाय, बेल मरंल. टाक कचऱ्यात. देवाची माफी मी मागते."

खोबण फडक्यानं पुसली, तेलाचा एकच थेंब सोडला. उमादेवीची बाटली पुढं आली तर रुद्राणीनं ती धरूनच ठेवली. सगळं जागच्या जागी बसवलं, चाक हातानं फिरवून बघितलं. मग पट्टा चढवून चिंधीवर शिवून बघितलं. पहिली ओळ काळी. दुसरी फिकट. तिसरी एकदम पांढरीशुभ्र, आणि मशीनचा आवाज असा मऊ की उमादेवीनं मान वाकडी करून ऐकला.

"बसा आता," रुद्राणी स्टुलावरून उठायला लागली.

"तूच बस. माझा धीर हुईना. शेवटचं कापड हाय."

रुद्राणीनं पदराला हात तीनदा पुसले. बाजू शिवायला घेतली आणि कोर्सच्या सवयीनं शिलाई आतल्या अंगाला धरली. फाटकन हातावर चापट बसली. "बाहेर, बाहेर! लेकराला टोचंल." एक बाजू सरळ उतरली, डाग न्हाई, गुंता न्हाई. तवा कुठं उमादेवीला धीर आला, आणि दुसरी बाजू तिनं स्वतः शिवली.

तेवढ्यात शिवकन्याचा फोन. "झालं का गं माय झबलं?"

"झालं. एक बाजू मी शिवली, एक तुझ्या वयनीनं."

पलीकडून शिवकन्या उसळली. "मशीनवर बसू दिलंस तिला? मला लगीन होईस्तोवर हात लावू दिला न्हाईस!"

"तुला उघडून साफ करता येत व्हती का?" उमादेवीनं झबल्याची घडी केली, परत उघडली, गालाला लावून बघितली. "आन् आयक, उद्या मी एकटी न्हाई, आमी दोघी येतोत. झबलं घालताना एक बाही ती घालंल."