काकांनी बसवलेली कडी

आमच्या काकांचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा. गल्लीत कुणी घराबाहेर अडकलं की काकांच्या नावाने हाका. ते दाराशी उकिडवे बसत, कान लावून कुलूप उघडत आणि उघडलं की नाकातून एकच वाक्य टाकत, "कुलूप चांगलं होतं हो, माणूसच वेंधळा." मी हा आवाज इतका हुबेहूब काढते की काकू आतून ओरडते, "आलात का?"

मग त्यांच्या उजव्या हाताला थरथर लागली. पार्किन्सन्स. डॉक्टरबाई प्रत्येक वाक्याला साखर लावतात, "गोळी वेळेवर हं काका, उपाशीपोटी हं काका." गोळी लागू पडली की हात शहाण्यासारखा वागतो, काका किल्ल्या घासतात. उतरली की हात थरथरतो आणि पाय जमिनीला खिळतात. म्हणून डोस वाढवला, तर मान आपोआप डोलायला लागली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "थोडं कमी करा ना," आणि काकांची मान डोलतच राहिली. गिऱ्हाईक खूश!

"इकडे आड, तिकडे विहीर," काका म्हणाले, "आणि मधल्या काठावर माझं दुकान." डोस पुन्हा खाली आला.

त्या हाताकडे कुणी बघत नाही अशी घरात एकच जागा उरली होती, ती म्हणजे बाथरूम. तिथली कडी काकांनी स्वतः बसवलेली. चोराच्या बापालाही बाहेरून उघडायची नाही.

"ती लावू नका हो," काकू रोज म्हणायची. "आत काही झालं तर?"

"जेवू कधी, झोपू कधी, सगळं गोळी ठरवते. दार लावायचं की नाही, एवढं तरी मी ठरवेन."

त्या सकाळी काकूला माया दाटून आली. "वाळून काटकी झालात," म्हणत तिने दोन उकडलेली अंडी खायला लावली, वर लगेच गोळी दिली. काका आंघोळीला गेले, कडी लावली. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज थांबला, तो थांबलाच.

"झालं का हो?"

काकांचा आवाज हल्ली फार बारीक झालाय. मी दाराला कान लावला.

"काय म्हणतात?"

"स्टुलावर बसलेत. उठता येत नाहीये."

काकूने डॉक्टरबाईंना फोन लावला. "अंडी दिलीत का हं? मग गोळीला उशीर होणार. दुसरी मात्र देऊ नका हं." म्हणजे गोळी पोटात, अंड्यांच्या मागे रांगेत उभी!

"सुताराला बोलावते. फोडू दे दार."

आतून कुजबूज आली. मी ती जशीच्या तशी, नाकातून, काकूला दिली, "दाराला हात लावायचा नाही. मी उघडा आहे, टॉवेल खुंटीवर आहे. सुताराने मला असं बघायचं नाही."

"माझ्याशी त्यांच्या आवाजात बोलू नकोस, मेले!" काकू फिस्सकन हसली आणि तशीच खाली बसून रडायला लागली. "मीच कोंबली ती अंडी."

आतून आवाज यायला लागला. टक-टक-टक-टक. काकांच्या थरथरत्या हातातली अंगठी बादलीवर आपटत होती. माझं बोट नकळत भिंतीवर तोच ताल धरायला लागलं. काकूने ते घट्ट पकडलं. आम्ही दोघी दाराला पाठ लावून बसून राहिलो. टक-टक. मग टक... टक. मग काहीच नाही.

"का थांबलं?" काकू दचकून उठली.

टॉवेल खुंटीवरून निघाल्याचा आवाज आला. मग कडीचा.

काका दारात उभे. "कडी चांगली होती हो," एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य गिळलं.

दुपारी गोळीच्या चांगल्या वेळात त्यांनी ती कडी काढली आणि बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवलं. हात दगडासारखा स्थिर. किल्ली घासली, फुंकर मारली आणि काकूकडे न बघता तिच्या हातात ठेवली.

"घे. आता कधीही ये."

संध्याकाळी काका बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. काकू किल्ली घेऊन दाराशी गेली. कुलपापर्यंत नेलेली किल्ली तिने मागे घेतली.

"येऊ का?"

"किल्ली आहे ना तुझ्याकडे."

"म्हणून तर विचारतेय."

बादलीवर अंगठी वाजायला लागली. मग इतक्या बारीक आवाजात, की मलाही कान टवकारावे लागले, "थांब जरा."

काकू थांबली. किल्ली मुठीत आवळून, दाराला कान लावून.