शर्टाच्या खिशातला गूळ

हरसूलहून लग्न होऊन मी नाशकात आले, तेव्हा हे एका कारखान्यात कामाला होते. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं. पाळी संपली की मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. घशातली धूळ गुळाने उतरते, असं तिथे सगळेच म्हणायचे. हे कसले खातात! पुढे लेक झाली, ती चालायला लागल्यापासून खडा तसाच शर्टाच्या खिशात टाकून तिला आणायचे. गाडी दारात लागली की पोरगी धावत जाऊन त्या खिशात हात घालायची, आणि मी मेली कौतुकाने बघत राहायचे.

पोरगी माझी लय बडबडी. दिवसभर नुसती चिवचिव. मग तिचे शब्द जायला लागले. आधी ‘चांदोबा’ गेला, मग ‘मामा’. एका सकाळी ‘आई’सुद्धा गेलं. नुसती बघत बसायची, माझ्या मागे कुणी उभं असल्यासारखी. मी दोनदा मागे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू? घर इतकं गप्प झालं की मी मुद्दाम भांडी आपटायचे. शेवटी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण ठसका म्हणून लागला नाही. म्हणजे दृष्ट पक्की होती. पण कुणाची?

तेवढ्यात ह्यांच्या हातून तांब्या सुटायला लागला. मनगट खाली लोंबायचं. हसले की हिरडीवर निळी रेघ दिसायची, पेनाने ओढल्यासारखी. नाशिक रोडच्या एका डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासलं.

“दोघांच्याही अंगात शिसं आहे,” ते म्हणाले.

मी उसळलेच. “अहो, ही पोर त्या कारखान्याच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहत नाही!”

“मग तिथून घरी काय येतं?”

“काही नाही,” हे म्हणाले. “मी आपला कामावरून सरळ घरी येतो.” आत्ताही हे तसेच आले होते, त्याच कपड्यांवर.

पोरगी माझ्या मांडीवरून उतरली. ह्यांच्याजवळ गेली आणि खिशात हात घातला.

“गूळ,” ती म्हणाली.

किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला मी! आणि तेवढ्यात माझी नजर त्या धुळकट खिशावर गेली. ह्यांनाही त्याच क्षणी सगळं कळलं. तिला अडवायला त्यांनी हात पुढे केला, पण मनगट वर होईना. खडा तिच्या तोंडात गेला. मी झडप घातली, बोट घालून तो बाहेर काढला. ती रडली नाही. माझ्याकडे बघत पुन्हा म्हणाली, “गूळ.”

‘आई’ नाही म्हणाली.