पाच पुरचुंड्यांचं बिरडं

एकदा मी माझ्या सुनेची दोन वर्षांची पीएच.डी. भिजवली, मोड आणून सोलली आणि नारळाच्या रसात शिजवून भाऊबीजेला भावाला वाढली. वर त्याला विचारलं, मीठ बरोबर आहे ना? मीठ बरोबर होतं. त्या दिवशी माझं तेवढंच बरोबर होतं.

बारा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा सत्तावन्नची, म्हणजे अकलेनं कोवळीच. तारापूरच्या बाजूला आमची चिकूची वाडी, दारात विहीर, आणि सगळ्या गावात कामाची बाई म्हणजे मीच, असा माझा पक्का समज. सून विद्यापीठात वालाच्या जुन्या जातींवर काहीतरी करायची. काय करायची ते मी कधी विचारलं नाही. घरकाम टाळायची ती एक महागडी युक्ती आहे, असं मी ठरवून टाकलं होतं. दिवाळीची सुट्टी लागली तशी ती घरी आली आणि ओसरीवर कागद पसरून बसली.

"सुट्टी आहे ना तुला?" मी विचारलं.

"विद्यापीठाला आहे, आई. मला नाही."

"मग आलीस कशाला? तिकडेच बसायचं होतं."

"तुम्हीच फोन केलात. फराळाला हात लाव म्हणून."

"मग लावलास का?"

"शंकरपाळे कोणी कापले?"

"त्याला कापणं म्हणतात होय? एक टिकलीएवढा, एक खिडकीएवढा."

"डबा अर्धा झाला तो कुणी खाऊन?"

अशी आमची दिवाळी. मुलगा बोईसरच्या कारखान्यात होता. सणाच्या दिवसांत कुणालाही नको असलेल्या पाळ्या तो हसतमुखानं मागून घ्यायचा.

भाऊबीजेच्या दोन दिवस आधी सून छपाईच्या कामाला पालघरला गेली. मी कोठीची खोली झाडायला घेतली, तर तिच्या खुंटीवर, तिच्याच ओढणीमागे, पाच पुरचुंड्या टांगलेल्या. आत वाल. माझं डोकं तेव्हा फार वेगानं चालायचं आणि नेहमी एकाच दिशेनं. मी म्हटलं, बघा, सोलायला लागू नयेत म्हणून हिनं वाल लपवून ठेवलेत. मी पाचही पुरचुंड्या एकाच पातेल्यात ओतल्या आणि भिजत घातल्या. प्रत्येकीला एक चिठ्ठी बांधली होती. दुकानाच्या असतील म्हणून त्या न्हाणीतल्या चुलीत घातल्या. फडकी राखेनं बरबटली होती, ती धुऊन वाळत टाकली. काम कसं स्वच्छ.

मोड एकसारखे येईनात. काही वाल काळपट, काही पांढरे, काही ठिपक्यांचे. काही दोन दिवस भिजूनही गणंगच, दगडासारखे. ते कोंबड्यांना टाकले. मनात म्हटलं, एवढी शिकली आणि दुकानदारानं उरलंसुरलं हिच्या गळ्यात मारलं.

भाऊबीजेच्या सकाळी मी परात घेऊन ओसरीवर गेले. "दोन तास दे, वाल सोलायचेत."

तिनं मान वर केली नाही. "आज नाही जमायचं, आई. प्रकरण संपवायचंय. तुम्ही सोला."

सोलले. प्रत्येक सालीबरोबर तिला एक शिवी घातली, मनातल्या मनात.

दुपारी भाऊ आला घिवलीहून. ओवाळलं, पानं वाढली. सुनेनं बिरडं दोनदा घेतलं आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा म्हणाली, "आई, मस्त झालंय." मी विजयी मुद्रेनं भावाकडे बघितलं. मग ती हात धुवायला मागच्या दारी गेली आणि ओलाच हात घेऊन परत आली. दुसऱ्या हातात पाच फडकी.

"ही वाळत कुणी टाकली?"

"मी. किती मळवली होतीस."

"आणि आतलं?"

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. भावाचा घास हातातच राहिला.

"ते बी होतं," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पेरायचं होतं. हंगाम चुकला की माझं वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर सर मला ठेवणार नाहीत."

"मग चिठ्ठ्या लावायच्या होत्या."

"लावल्या होत्या."

"त्या मी जाळल्या." हे सांगताना माझा आवाज खाली आला होता, असं मला आठवतं. भाऊ म्हणतो, मुळीच नाही.

ती ओरडली असती तर मी जिंकले असते. ती एवढंच म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर यायचं. जिनं दिलं तिला तुम्ही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी बसनं मनोरला, तिथून जीपनं, मग चढ. वाटेत ती एकदाच बोलली: "तिथे गेल्यावर बिचाऱ्या दिसू नका." मी हुशार, बदल्यात द्यायला बाजारचे दोन किलो वाल आणि पिशवीभर चिकू घेतले होते.

बी देणारी म्हातारी पाड्यावर एकटीच होती. मुलं-सुना वीटभट्टीवर गेलेल्या. अंगणात नुकतं कापलेलं भात, झोपडीच्या आढ्याला वाळलेले दुधी भोपळे टांगलेले, बी त्यांत. मी बोलायला लागले. चुकून झालं, समजलं नाही, हल्ली दिसत नाही नीट. डोळे माझे अजून ठणठणीत आहेत. तिनं माझे वाल ओंजळीत घेऊन बघितले, परत पिशवीत टाकले आणि सुनेला विचारलं, "शिजवलं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती उठली. एकेक भोपळा खाली काढून तिनं पानांत मूठ मूठ बी बांधलं, पाच पुड्या केल्या. तिच्या स्वतःच्या पेरणीतलंच ते, हे मलासुद्धा दिसत होतं. मी पुढे होऊन हात पसरले. तिनं ते मनगटानं बाजूला सारले, पुड्या सुनेच्या ओढणीत बांधल्या आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाली:

"हे तुला देते, पोरी. हिच्या हाती नको देऊ. आमी उपाशी निजलो तरी बी नाय शिजवत. हिच्या घरात कसली भूक हाय?"